मूकपटातील सिद्धार्थ आणि रोहिणीचे पाणी

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या मार्गावर करमाड हे गाव आहे. तेथे एका वैशाख पौर्णिमेला वंदना आणि धम्मप्रवचन आटोपल्यावर विहारासमोरच्या मोकळ्या जागेत पांढरे कापड ताणून 'प्रेम संन्यास' हा १९२५ सालचा मूकपट दाखविण्यात आला. प्रस्तुत लेखकास त्यापूर्वी चार शब्द बोलण्यासाठी बोलाविले होते. चित्रपट संपला, उपासक-उपासिका उठू लागल्या, तेव्हा पुढच्या रांगेतील एक वृद्ध उपासिका जागेवरूनच म्हणाल्या, "सर, हे समदं बघायला लई चांगलं हाय. पण रोहिणीचं पाणी कुठं गेलं?"

वर्षावासाच्या तीन महिन्यांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन ऐकत आलेल्या त्या आजी होत्या. सिद्धार्थ गौतमाने घर का सोडले, याचे उत्तर त्यांच्या मनात पक्के होते आणि पडद्यावर ते कोठेच दिसले नव्हते. त्या वेळी मी काहीतरी थोडक्यात सांगून वेळ निभावून नेली. पण तो प्रश्न थोडक्यात उत्तर देण्याजोगा नव्हता.

प्रथम त्या चित्रपटाविषयी. मूकपटांच्या काळात तथागतांचे चरित्र पडद्यावर आणण्याचे प्रयत्न आपल्या देशात झाले, त्यांतील एक महाराष्ट्रातला होता. दादासाहेब फाळके यांच्या नाशिक येथील हिंदुस्थान फिल्म कंपनीने १९२३ साली 'बुद्धदेव' हा मूकपट काढला. त्यानंतर दोनच वर्षांनी 'प्रेम संन्यास' आला. म्युनिक येथील एमेल्का ही जर्मन चित्रसंस्था आणि भारतीय भांडवलावर उभी राहिलेली ग्रेट ईस्टर्न फिल्म कॉर्पोरेशन यांनी मिळून तो काढला. दिग्दर्शन फ्रान्झ ऑस्टेन यांचे, पटकथा निरंजन पाल यांची, आणि सिद्धार्थाची भूमिका हिमांशु राय यांची. पत्नी गोपा हिची भूमिका सीता देवी या नावाने वावरणाऱ्या एका अँग्लो-इंडियन मुलीने केली. तिचे मूळ नाव रेने स्मिथ. चित्रीकरण बरेचसे जयपूर संस्थानात झाले आणि तेथील राजदरबाराचे हत्ती, घोडे, वस्त्रे, अलंकार यांचा मुक्त उपयोग करण्यात आला. पडद्यावरील कपिलवस्तू त्यामुळे शाक्यांचे गणराज्य न वाटता राजपुतान्यातील एखादी राजधानी वाटते. ऑक्टोबर १९२५ मध्ये म्युनिक येथे त्याचे पहिले प्रदर्शन झाले. पुढे लंडनमध्ये तो कित्येक महिने चालला आणि १९२६ साली विंडसर येथे बादशहा पाचवे जॉर्ज यांनाही दाखविण्यात आला. युरोपात त्याचे नाव 'आशियाचा प्रकाश' या अर्थाचे होते, कारण एडविन आर्नोल्ड यांच्या १८७९ सालच्या त्याच नावाच्या इंग्रजी काव्याचा त्याला आधार होता.

हा आधार महत्त्वाचा आहे. आर्नोल्ड यांच्या काव्यात जो सिद्धार्थ आहे तो 'ललितविस्तर' आदी संस्कृत चरित्रग्रंथांच्या परंपरेतला आहे. सुखात वाढविलेला राजपुत्र रथातून बाहेर पडतो. त्याला म्हातारा दिसतो, रोगी दिसतो, प्रेत दिसते आणि संन्यासी दिसतो. मग एका रात्री झोपलेल्या पत्नीकडे शेवटचे पाहून तो निघून जातो. पडद्यावर आपण हेच पाहतो. अखेरीस पतीच्या शोधात निघालेली गोपा त्याला भेटते व त्याच्या चरणांशी नम्र होते.

आता पालि साहित्य काय सांगते ते पाहू. चार निमित्तांची कथा दीघनिकायाच्या महापदान सुत्तात आहे. परंतु ती गौतम बुद्धांची नव्हे, विपस्सी या पूर्वीच्या बुद्धांची म्हणून सांगितली आहे. ती गौतमाच्या चरित्रात जोडली गेली ती नंतरच्या निदानकथेसारख्या रचनांत. मज्झिमनिकायाच्या अरियपरियेसन सुत्तात भगवान स्वतःच्या गृहत्यागाविषयी बोलतात. तेथे रथ नाही, सारथी नाही, मध्यरात्र नाही. काळ्याभोर केसांच्या ऐन तारुण्यात, आईवडिलांची संमती नसताना, ते अश्रू ढाळीत असताना केस-दाढी काढून व काषाय वस्त्र धारण करून आपण बाहेर पडलो, एवढेच तेथे आहे. डोळ्यांदेखत आईवडील रडत आहेत आणि मुलगा जात आहे, ही घटना दिवसाउजेडी घडलेली आहे. अंगुत्तरनिकायातील सुखुमाल सुत्तात तीन प्रासादांचा उल्लेख आहे आणि जरा, व्याधी, मरण यांचे चिंतनही आहे. पण ते चिंतन आहे, रस्त्यात अचानक घडलेले दर्शन नाही. धर्मानंद कोसंबी यांनी 'भगवान बुद्ध' या १९४०-४१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही सर्व वचने मराठी वाचकांपुढे ठेवली आणि सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्ताकडे लक्ष वेधले. शस्त्र हाती घेतल्याने भय उत्पन्न होते, अपुऱ्या पाण्यातील माशांप्रमाणे माणसे तडफडत परस्परांशी झगडतात, हे पाहून आपल्याला संवेग आला, असे त्या सुत्तात भगवान सांगतात.

परमपूज्य बाबासाहेबांनी हाच प्रश्न आपल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात पहिल्या क्रमांकावर घेतला. एकोणतीस वर्षांच्या तरुणाने तोवर म्हातारा, आजारी किंवा मेलेला माणूस पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटत नाही, असा त्यांचा रोकडा आक्षेप आहे. त्यांच्या मांडणीत शाक्य आणि कोलिय यांच्यामध्ये रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होतो. शाक्य संघाची सभा भरते. सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ विरोध करतो आणि दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींनी मिळून निवाडा करावा, असे सुचवितो. मत घेतले जाते व बहुमत युद्धाच्या बाजूने पडते. दुसऱ्या दिवशी सैन्यात दाखल होण्याची सक्ती येते, तेव्हा सिद्धार्थ नकार देतो आणि कुटुंबावर बहिष्कार व जमिनीची जप्ती येऊ नये म्हणून परिव्रज्या पत्करतो. यशोधरेच्या संमतीने, तिला सांगून. बहिष्कार आणि पाणी या दोन शब्दांचा अर्थ आपल्या समाजाला कोणी समजावून सांगावा लागत नाही. करमाडच्या आजींना नेमके तेच आठवले, यात नवल नाही.

मग मूकपटाने चार दृश्ये का घेतली आणि सभा का घेतली नाही?

एक उत्तर सहज सुचते. चार निमित्ते ही मुळातच चार चित्रे आहेत. म्हातारा दाखविण्यासाठी वाणी लागत नाही; वाकलेली पाठ पुरे. संघाची सभा मात्र वाणीवर उभी असते. ठराव, विरोध, उपसूचना, मतदान हे सारे शब्दांचे व्यवहार आहेत, आणि मूकपटात शब्द येतो तो दोन दृश्यांमध्ये झळकणाऱ्या लिखित पाटीपुरता. फाळक्यांच्या काळी अशा पाट्या लिहिल्या जात, आणि ज्याला अक्षर येत असे तो शेजारच्यांना त्या मोठ्याने वाचून दाखवी. सबंध वादविवाद अशा पाट्यांवर दाखवायचा तर पडद्यावर पुस्तकच उलगडावे लागेल.

पण हे उत्तर पूर्ण खरे नाही. १९२८ साली कार्ल ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाने फ्रान्समध्ये जोन ऑफ आर्क हिच्या खटल्यावर मूकपट काढला. खटला म्हणजे प्रश्नोत्तरे. तरीही केवळ चेहऱ्यांच्या जवळून घेतलेल्या चित्रांतून त्याने आरोपीची निष्ठा आणि न्यायासनाची क्रूरता दाखविली. तेव्हा एकटा उभा राहिलेला सिद्धार्थ आणि त्याच्या विरोधात वर होणारे शेकडो हात हे दृश्य आवाजावाचून दाखविणे अशक्य नव्हते. उणीव माध्यमाची नव्हती. हाती घेतलेल्या कथेची होती. बाबासाहेबांचा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रकाशित झाला, हे ध्यानात घेता १९२५ च्या निर्मात्यांना दोष देणेही न्यायाचे होणार नाही. तरीपण अरियपरियेसन सुत्त त्या वेळीही छापलेले उपलब्ध होते, एवढी नोंद केली पाहिजे.

येथे 'मूक' या शब्दाविषयी थोडे लिहावेसे वाटते. मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात लुमिए बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविली गेली. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन थिएटरात फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्या काळी या चित्रांना कोणी मुकी म्हणत नसावे. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' बोलू लागला आणि मग मागची सारी चित्रे मुकी ठरली. ज्याला बोलण्याची संधीच मिळालेली नसते, त्याचे मुकेपण दुसरा कोणी बोलू लागल्यावरच ध्यानात येते. त्याच कालखंडात, ३१ जानेवारी १९२० रोजी, बाबासाहेबांनी आपल्या पाक्षिकाला 'मूकनायक' हे नाव दिले होते. वाचा नसलेल्यांचे ते मुकेपण निसर्गाचे नव्हते, लादलेले होते.

भगवंतांचे मौन मात्र या दोहोंहून वेगळे आहे. योगायोग असा की वर उल्लेखिलेल्या अरियपरियेसन सुत्तातच भगवान भिक्षूंना सांगतात की एकत्र जमल्यावर दोनच गोष्टी कराव्यात: धम्माची कथा किंवा अरिय तुण्हीभाव, म्हणजे आर्य मौन. बोलू शकणाऱ्याने जाणीवपूर्वक धरलेले ते मौन आहे. पडद्यावर ओठ हलतात आणि आवाज येत नाही, त्याला तुण्हीभाव म्हणता येणार नाही. पंचेचाळीस वर्षे गावोगाव फिरून ज्यांनी लोकांशी संवाद केला, ज्यांचे सारे कार्य वाणीने झाले, त्यांचे चरित्र मूकपटाने निवडावे यात एक अडचण आहेच. 'प्रेम संन्यास' ती अशी सोडवितो की चित्रपटाचा मोठा भाग बुद्धत्वापूर्वीच खर्च होतो. हत्ती, मिरवणूक, स्वयंवर, विरह यांना भरपूर जागा मिळते. देशना सुरू होते तेव्हा कथा आवरती घेतली जाते.

आणखी एक अडचण मनुष्याने बुद्धांची भूमिका करण्याची. सिलोन आणि मलाया येथे या चित्रपटावर बंदी आली होती. थेरवादी देशांत नटाने तथागत होऊन उभे राहणे आजही अनेकांना रुचत नाही. आपल्या प्राचीन शिल्पींनी हा प्रश्न फार पूर्वी सोडविला होता. सांचीच्या तोरणांवर बुद्ध माणसाच्या रूपात नाहीत. बोधिवृक्ष, रिकामे आसन, पदचिन्हे, धम्मचक्र आहेत. आपल्या जिल्ह्यातील अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात, जेथील चित्रे इसवी सनापूर्वीच्या काळातील आहेत, राजा परिवारासह येतो तो बोधिवृक्षाच्या पूजेला. पाहणाऱ्याला काही कमी पडत नाही.

अजिंठ्याचा संबंध मूकपटाशी लावणे कोणास ओढूनताणून वाटेल. म्हणून कारण सांगतो. एकाच भिंतीवर एकच व्यक्ती पुन्हा पुन्हा काढून कथा पुढे नेण्याची तेथील रीत हलत्या चित्राच्या फार जवळची आहे. फरक इतकाच की तेथे चित्र स्थिर असते आणि पाहणारा चालतो. दुसऱ्या लेण्यात क्षान्तिवादी जातकाच्या चित्राबरोबर आर्यशूराच्या जातकमालेतील श्लोक रंगाने लिहिलेले आहेत, आणि हाइनरिख ल्यूडर्स या जर्मन विद्वानाने ते ओळखले. मूकपटातील पाटीचे काम ते श्लोक करतात. फाळके ज्या जे. जे. कलाशाळेत १८८५ साली दाखल झाले, तिच्याच विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या होत्या. आणि १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलाविलेले इटालियन तज्ज्ञ अजिंठ्याचा सुटणारा गिलावा भिंतीला धरून ठेवण्याचे काम करीत होते. नाशिकला 'बुद्धदेव' तयार झाला तो त्यानंतर लगेच.

सतराव्या लेण्यातील एक चित्र या संदर्भात मला फार बोलके वाटते. भिक्षापात्र हाती घेतलेले भगवान अतिशय उंच काढले आहेत आणि समोर यशोधरा राहुलाला पुढे करून उभी आहे. महावग्गात राहुलमाता मुलाला सांगते की जा, हे तुझे वडील, त्यांच्याकडे आपला वारसा माग. 'प्रेम संन्यास'मधील गोपा अखेरीस पायांशी वाकते. अजिंठ्यातील यशोधरा उभी आहे आणि मागते आहे. पंधरा शतकांपूर्वीच्या चित्रकाराने तिच्या हाती काहीतरी मागण्याचा अधिकार राहू दिला, हे मला जयपूरच्या साऱ्या हत्तींपेक्षा मोलाचे वाटते.

पहिल्या मूकपटांच्या विषयांकडेही डोळसपणे पाहिले पाहिजे. राजा डोंबाचा दास होऊन स्मशानात राबतो, याचे प्रेक्षकांना वाटणारे दुःख हा हरिश्चंद्राच्या कथेचा कळस आहे. ज्यांचे आयुष्यच स्मशानात राबण्यात गेले त्यांच्यासाठी अश्रू कोणी ढाळले नाहीत. बोलपट आल्यावर १९३२ साली प्रभातने 'अयोध्येचा राजा' काढला तोही त्याच कथेवर. याला अपवाद म्हणून कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्या 'सावकारी पाश' या मूकपटाचे नाव आदराने घ्यावे लागेल. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील या चित्रात व्ही. शांताराम यांनी शेतकऱ्याची भूमिका केली. जमीन सावकाराच्या घशात जाते आणि शेतकरी शहरात गिरणीच्या मजुरीला लागतो. हा मूकपटही १९२५ चाच. दुःख आहे आणि त्याला कारण आहे, हे पहिल्या दोन आर्यसत्यांचे सूत्र त्यात बुद्धांचे नावही न घेता आले आहे, असे माझे मत आहे. दुर्दैवाने तो आज पाहावयास मिळत नाही. भारतात तेराशेच्या वर मूकपट निघाले आणि त्यांतील तीसच्या आगेमागे आज कमीअधिक स्वरूपात शिल्लक आहेत. ज्वालाग्राही नायट्रेटच्या फिती जळाल्या, कुजल्या, त्यांतील चांदीसाठी वितळविल्याही गेल्या. 'प्रेम संन्यास' टिकला, आणि जे टिकते तेच पुढच्या पिढ्यांचे चित्र ठरते.

म्हणूनच हा विषय केवळ जुन्या चित्रपटांच्या कुतूहलाचा नाही. आपल्या घरांतील दिनदर्शिकांवर, शाळेच्या पुस्तकांत, दूरचित्रवाणीच्या मालिकांत सिद्धार्थ आजही रथात बसूनच म्हातारा पाहतो.

या बाबतीत भगवंतांच्या काळचा एक दाखला उपयोगी पडावा. संयुत्तनिकायाच्या खन्धवग्गातील गद्दुलबद्ध सुत्तात भगवान भिक्षूंना विचारतात की 'चरण' नावाचे चित्र तुम्ही पाहिले आहे काय? ते चित्रसुद्धा चित्तानेच रेखाटलेले आहे आणि चित्त त्या चित्राहूनही अधिक विचित्र आहे, असे ते पुढे सांगतात. पालीत चित्र आणि चित्त या दोहोंसाठी 'चित्त' हाच शब्द असल्याने त्या वचनाला विशेष धार आहे. 'चरण' म्हणजे फिरते चित्र. आचार्य बुद्धघोष अट्ठकथेत खुलासा करतात की 'संख' नावाचे ब्राह्मण-पाषंडी कापडाच्या पटावर सुगती-दुर्गतीची नाना चित्रे काढवून घेत, आणि हे कर्म केल्याने हे फळ मिळते, ते केल्याने ते मिळते, असे दाखवीत गावोगाव फिरत. आपल्याकडील चित्रकथ्यांचे हे पूर्वज म्हणावयास हरकत नाही. पट मुका होता. अर्थ सांगणारा पटाच्या शेजारी उभा होता. चित्रातील गरीब माणूस मागच्या जन्मीच्या कर्माने गरीब झाला, की कोणीतरी त्याचे शेत हिरावून घेतल्याने, हे रंगांवरून कळत नाही. ते शेजारी उभा राहणारा ठरवितो.

जपानात मूकपटांच्या काळी 'बेन्शी' नावाचे निवेदक पडद्याच्या बाजूस बसून सबंध कथा सांगत. बौद्ध मंदिरांतील चित्रपट उलगडून त्यांचा अर्थ सांगणाऱ्या भिक्षूंची 'एतोकी' ही परंपरा तेथे फार जुनी आहे, आणि बेन्शींचे मूळ सांगताना तिचाही उल्लेख केला जातो. प्रेक्षक अनेकदा चित्रासाठी नव्हे तर आवडत्या बेन्शीसाठी येत. 'प्रेम संन्यास'च्या कर्त्यांनाही अशा निवेदकाची गरज भासली असावी. चित्रपटाच्या आरंभी युरोपीय प्रवासी बुद्धगयेला येतात आणि तेथील एक वृद्ध त्यांना सिद्धार्थाची कथा सांगतो. सांगणारा आहे, ऐकणारे मात्र परदेशी पाहुणे आहेत. करमाडची आजी त्या श्रोत्यांत धरलेली नव्हती.

पुढच्या आषाढ पौर्णिमेला, वर्षावासाच्या प्रारंभी, करमाडला तोच चित्रपट पुन्हा दाखविला. या वेळी एक फरक केला. राजपुत्राचा रथ नगराबाहेर निघतो तेथे यंत्र थांबविले, दिवे लावले आणि बाबासाहेबांच्या ग्रंथातील शाक्य संघाच्या सभेचे प्रकरण महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने पडद्याशेजारी उभे राहून वाचले. वाचनाला अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ लागला. मतदानाचा भाग आला तेव्हा मागच्या बाजूला काही तरुणांत कुजबूज झाली आणि एकाने विचारले की सिद्धार्थाच्या बाजूने किती हात वर झाले होते. त्यावर बरीच चर्चा झाली. मग दिवे मालवून उरलेला चित्रपट दाखविला. आजी पुढच्याच रांगेत होत्या. संपल्यावर त्यांनी या खेपेला दुसराच प्रश्न काढला: देवदत्ताला नवरदेव व्हायला कोणी बोलावले होते? चित्रपटात देवदत्त हा गोपेसाठी सिद्धार्थाचा प्रतिस्पर्धी म्हणून येतो, हे खरे. विनयपिटकातील देवदत्त पुष्कळच वेगळा आहे. त्याविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल.